दव, डग्गा आणि दहाची वेळ: मावळातल्या एका छोट्या संगीत महोत्सवाचं प्रकरण

पार्श्वभूमी

मावळ तालुक्यात धरणाच्या पाण्याकडे उतरत गेलेलं एक शेत. भात काढून झालेला, खाचरं मोकळी, जमिनीत अजून ओल. डिसेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी इथे दोन दिवसांचा शास्त्रीय संगीताचा उघड्यावरचा महोत्सव ठरला होता. आयोजक म्हणजे शहरात घरगुती बैठकी करणारा आठ-दहा जणांचा गट. श्रोते २६०, त्यांतले दीडशे मुक्कामी. त्यांच्यासाठी ४६ तंबू, आणि बाकीचे गाडीने ये-जा करणारे.

जागेची निवड डोळ्यांना पटणारी होती. एकाखाली एक अशी चार खाचरं, मधले बांध अडीच-तीन फुटांचे. सगळ्यांत खालच्या खाचरात मंच, त्यामागे पाणी, आणि वरच्या तीन खाचरांत पायऱ्या-पायऱ्यांसारखी बसलेली मंडळी. बांधामुळे मागच्या माणसालाही गवयाचा हात दिसतो. मागचं पाणी दिसावं म्हणून मंचावर छत घातलं नव्हतं, नुसती बांबूची चौकट आणि झेंडूच्या माळा होत्या. वरच्या अंगाला, मंचापासून सुमारे ७० मीटरवर, मालकाचा दगडी भिंतींचा कौलारू गोठा होता. आत ४० फूट बाय २२ फूट मोकळी जागा. गुरं दुसरीकडे हलवून तिथे जेवणाची भांडी ठेवायचं ठरलं होतं.

शनिवारी संध्याकाळी ६ ते १० तीन कलाकार. रविवारी पहाटे ६ ते ९ गायन आणि सरोद. रविवारी पुन्हा ६ ते १० समारोप, त्यात एका ज्येष्ठ गायिकेचे बागेश्री आणि दरबारी हे रात्रीचे राग. पोलीस ठाण्याची ध्वनिक्षेपकाची परवानगी आणि ग्रामपंचायतीचं ना-हरकत पत्र हातात होतं.

दहाची मर्यादा ठाऊक असणं आणि ती वेळापत्रकात मुरलेली असणं यांत फरक असतो. ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. वाद्यांनाही हेच बंधन आहे. बंदिस्त जागेत, आतल्या आत, चालतं. राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ रात्री १२ पर्यंत वाढवता येते, आणि ते दिवस बहुतेक गणपती, नवरात्र अशा सणांत जातात. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासूनचा, एके काळी रात्र-रात्र चालणारा. त्यालाही या वेळेपुढे आपलं वेळापत्रक बदलावं लागलं. लहान महोत्सवाला वेगळी वाट असण्याचं कारण नाही.

अडचण

शनिवारी पहिले दोन कार्यक्रम सुरळीत झाले. सूर्य सहाच्या सुमारास मावळला, आभाळ निरभ्र, वारा जवळजवळ पडलेला. आठच्या पुढे सतरंज्यांच्या कडा ओलसर लागायला लागल्या. आयोजकांनी ही श्रोत्यांची गैरसोय म्हणून धरली आणि वरून घोंगड्या मागवल्या. खरा धोका मंचावर होता.

तिसऱ्या कलाकारासाठी वाद्यं काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात, लागली होती. मंचावर मांडून वीस मिनिटं झाली नाहीत तोवर तबला सुरातून खाली उतरायला लागला. तबल्याच्या तोंडावरची पुडी चामड्याची, दमट हवेत ओल शोषते आणि सैल पडते. तबलजींनी पुडीच्या कडेच्या वेणीवर, गजऱ्यावर, हातोडी चालवली, मग पुडी ताणणारे बाजूचे लाकडी गठ्ठे खाली ठोकले. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. उलट तंबोऱ्याच्या तारा गारठ्याने आखडून किंचित चढल्या. पेटी आपल्या जागी पक्की. म्हणजे एकाच मंचावर तीन वाद्यं तीन दिशांना. विलंबित, म्हणजे संथ, एकतालात ठेका चालू असताना समेवर, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, तबल्याचा ‘धिं’ षड्जाच्या (‘सा’च्या) खाली पडतो, हे श्रोत्यांतल्या निम्म्यांना कळलं नसेल, पण गवयाला दर आवर्तनाला ऐकू येत होतं. अशा वेळी गवई आलाप आखडता घेतो. आणि विलंबित तर आलापानेच भरायचं असतं.

सव्वानऊला दुसरी गोष्ट घडली. पाण्यापलीकडच्या वस्तीवरून पोलीस पाटलांचा फोन आला: “दादा, गाणं काय ऐकू येत नाही, पण तुमचा तो ढम ढम आवाज घरात येतोय. म्हातारी माणसं झोपलीत.” वस्ती सरळ रेषेत पाऊण किलोमीटरवर. स्पीकर चढाकडे तोंड करून लावलेले, म्हणजे वस्तीकडे पाठ. तरीही डग्गा, तबल्याच्या जोडीतला खर्जाचा भाग, पोहोचत होता.

या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच, निरभ्र आणि बिनवाऱ्याची रात्र. ढग नसले की जमीन, मंचाचा लाकडी पाट, वाद्यं, सगळंच उघड्या आभाळाकडे उष्णता टाकून हवेपेक्षाही गार होतं, आणि गार पृष्ठभागावर हवेतली वाफ दव होऊन बसते. गार झालेली हवा जड असते. वारा नसला की ती उतारावरून ओघळत खाली येते आणि सगळ्यांत खालच्या खाचरात साचते. मंच नेमका तिथेच होता. त्या रात्री नऊच्या सुमाराला मंचापाशी १४ अंश आणि गोठ्याच्या अंगणात १७ अंश होते. शिवाय जमिनीलगत गार आणि वर ऊबदार असा हवेचा थर तयार झाला की वर जाणारा आवाज परत खाली वळतो आणि पाण्यावरून लांबवर जातो. त्यात स्पीकर वरचे सूर पुढे फेकतो, पण खर्जाला दिशा नसते. शंभर हर्ट्झच्या आसपासचा डग्ग्याचा घुमारा पाठीमागेही तितकाच पसरतो. पाटलांना गाणं न ऐकू येता ‘ढम ढम’ ऐकू आलं ते यामुळे.

तंबूंचं थोडक्यात. खालच्या खाचरातल्या वीस तंबूंमध्ये मध्यरात्रीनंतर आतून पाणी ठिबकलं. ते पाणी बाहेरचं नव्हतं. आत झोपलेल्यांच्या श्वासातली वाफ गार कापडाला लागून ठिबकत होती. थंडी वाजते म्हणून लोकांनी हवेच्या खिडक्या बंद केल्या आणि ओल वाढली. आंब्याखाली लावलेले तंबू जवळजवळ कोरडे राहिले.

तोललेले पर्याय

साडेआठच्या मध्यंतरातच काहीतरी करणं भाग होतं. तबलजींनी वाद्यं मांडतानाच पाटावर हात फिरवून ओल दाखवली होती. चार गोष्टी समोर आल्या.

पहिला पर्याय म्हणजे आहे तसंच रेटायचं आणि कार्यक्रम नऊला आटपायचा. सोपं होतं, पण मुख्य गायन अर्ध्यावर कापलं असतं.

दुसरा, सगळं गोठ्यात हलवायचं. पण २६० माणसं तिथे मावत नाहीत. मांडी घालून बसायला माणशी सहा चौरस फूट धरले आणि मंचाची जागा वजा केली की १३० च्या वर माणसं घेऊ नयेत. उरलेल्यांना रात्रीच्या थंडीत दाराबाहेर उभं करावं लागलं असतं. शिवाय ध्वनियंत्रणा उतरवून पुन्हा मांडायला पाऊण तास लागला असता आणि दहाचे टोले तिथेच पडले असते.

तिसरा, मंचावर ताडपत्री. छत असलं की पाट आणि वाद्यं आभाळाकडे उष्णता टाकत नाहीत आणि दव बसायचं थांबतं. पण हवेतली आर्द्रता तशीच राहते, म्हणजे तबला उतरण्याचा वेग कमी होतो, उतरणं थांबत नाही.

चौथा, मंचावर ऊब. इथे जुन्या-नव्या दिव्यांचा फरक आडवा आला. पूर्वी मंचावर हॅलोजनचे दिवे असायचे आणि त्यांच्या उष्णतेने पुडी आपोआप कोरडी राहायची. आता एलईडी, वीज वाचते पण ऊब नाही. १४ अंशांची ९५ टक्के आर्द्रतेची हवा १९ अंशांपर्यंत तापवली तर आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास येते. तबल्याला एवढं पुरतं. पण उघड्या मंचावर ही ऊब टिकत नाही, वर निघून जाते. म्हणजे तिसरा आणि चौथा पर्याय एकत्रच घ्यावा लागतो.

रविवारचा प्रश्न मोठा होता आणि त्यावर रात्री साडेदहाला बसून चर्चा झाली. पहाटे सहाची वेळ कायद्याने मोकळी, पण सूर्योदय सातला काही मिनिटं कमी असताना. दवाचा जोर सूर्योदयाच्या आसपासच सर्वाधिक असतो. दोघा जणांचं म्हणणं, कार्यक्रम साडेआठला सुरू करावा. बाकीच्यांना ते मानवत नव्हतं, कारण गायकाने ललत हा पहाटेचा राग ठरवला होता आणि ललत उन्हं वर आल्यावर ऐकवणं म्हणजे त्याची वेळच काढून घेणं. आमच्या मते हा आग्रह योग्य होता. माणसं घर सोडून उघड्यावर दोन दिवस काढतात ती रागाची आणि प्रहराची गाठ जुळावी म्हणूनच.

कृती

शनिवारी रात्री बांबूच्या चौकटीवर १८ फूट बाय २४ फुटांची ताडपत्री ओढली आणि मागची व दोन्ही बाजू झाकल्या. पाणी दिसेनासं झालं, पण कोणी कुरकुर केली नाही. गावातल्या मंडळाकडून ५०० वॉटचे दोन हॅलोजन आले. ते दोन बाजूंना, ताडपत्रीपासून सहा फूट अंतर ठेवून, पाटाच्या मागच्या भागाकडे तोंड करून लावले. थेट तबल्यावर मारले नाहीत. थेट उष्णतेने पुडी भराभर चढते, मधल्या काळ्या शाईला तडे जातात आणि कडेची चाट फाटूही शकते. वाळूची बादली, अग्निशामक आणि दिव्यांपाशी एक माणूस शेवटपर्यंत. दुसरा तबला घोंगडीत गुंडाळून तयार ठेवला. या सगळ्यात पंचवीस मिनिटं गेली.

जनरेटर २५ केव्हीएचा होता, म्हणजे प्रत्यक्षात २० किलोवॉट. एक किलोवॉट वाढल्याने बिघडलं नसतं, पण चहाच्या टपरीवर दोन-दोन किलोवॉटच्या तीन किटल्या त्याच लाइनवर होत्या. मध्यंतरात तिन्ही एकदम लागल्या आणि त्या फेजचं एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारी कळ) पडलं. किटल्या वेगळ्या फेजवर टाकल्या. नंतर स्पीकरमध्ये ५० हर्ट्झची घरघर आली. ध्वनी-तंत्रज्ञाने डीआय बॉक्सवरची (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जोडणाऱ्या डबीवरची) ग्राउंड-लिफ्टची कळ दाबली आणि ती गेली. एका मदतनिसाने पेटीजवळच्या बोर्डाची अर्थिंगची पिन काढायचं सुचवलं होतं. ते कधीच करू नये, ओल्या जमिनीवर अनवाणी बसलेल्या कलाकाराच्या जिवाशी खेळ होतो.

पाटलांच्या फोननंतर आवाज सरसकट कमी केला नाही, नाहीतर तिसऱ्या खाचरातल्यांना काहीच ऐकू गेलं नसतं. डग्ग्याच्या माइकवर १२० हर्ट्झच्या खालचं कापलं, गायनाच्या माइकवर १०० च्या खालचं. मुख्य स्पीकरचा आवाज थोडा उतरवला. वर ठेवलेले दोन लहान स्पीकर मंचापासून १८ मीटरवर, दुसऱ्या बांधावर लावले आणि त्यांना ५३ मिलिसेकंदांचा विलंब दिला, म्हणजे मंचावरचा आवाज तिथे पोहोचायला जेवढा वेळ लागतो तेवढा. त्यावर दहा मिलिसेकंद अधिक, की कानाला आवाज मंचाकडूनच आल्यासारखा वाटावा. पंधरा मिनिटांनी पाटलांना परत फोन केला. “आता ठीक आहे,” म्हणाले. नऊ पन्नासला कार्यक्रम संपला.

रविवारसाठी ठरलं ते असं. पहाटेचं गायन गोठ्यात. गोठ्याच्या दगडी भिंती घुमतात, त्यामुळे गावातून गोधड्या आणून तीन भिंतींवर टांगल्या. जमिनीवर भाताचा पेंढा, त्यावर सतरंज्या. आत १२० माणसं, त्यांत वयस्कर आणि लहान मुलांसह आलेले आधी. बाकीच्यांसाठी अंगणात शेकोटी आणि सहा वाजल्यानंतर हळू आवाजात दोन स्पीकर. वाद्यं मात्र रात्रभर गोठ्यातच, गवसणीत. सरोदवादन पावणेनऊला अंगणात, कोवळ्या उन्हात, तोडी. तबल्यावर ऊन थेट येऊ नये म्हणून वर एक पांढरं कापड.

सगळ्यांत अवघड निर्णय समारोपाचा होता. रात्रीचे दोन राग सोडून कार्यक्रम साडेतीन ते सात करायचा, मंच अंगणात हलवायचा. ज्येष्ठ गायिकेला रात्रीच फोन केला. “बाई, तुमचा बागेश्री आम्हाला हवाच होता, पण तबला टिकत नाही,” असं सरळ सांगितलं. त्यांनी अर्धा मिनिट विचार करून मुलतानी, मारवा आणि मग यमन असा क्रम दिला. मारव्याला सूर्यास्त मिळावा एवढीच अट घातली.

फक्त रविवार संध्याकाळचं तिकीट काढलेल्या ३८ जणांना रात्री अकराला संदेश गेले. अकरा ही उशिराची वेळ. त्यांतल्या काहींनी तो सकाळी नऊनंतर पाहिला.

निष्पत्ती

पहाटे तबला एकदा लावला तो ललत संपेपर्यंत टिकला, भैरवच्या आधी एकदाच गठ्ठ्याला हात लागला. अंगणात बसलेल्यांना आतला आवाज दोन ठिकाणांहून, दारातून आणि स्पीकरमधून, येत असल्याने थोडी अस्पष्टता जाणवली. तिथेही दहा-बारा मिलिसेकंदांचा विलंब द्यायला हवा होता, तो राहिला. सरोद उत्तम झालं. संध्याकाळी मारवा पाच पस्तीसला सुरू झाला आणि सव्वासहापर्यंत चालला. दव बसायला लागलं तेव्हा यमनची द्रुत लयीतली बंदिश चालू होती आणि अंगण खालच्या खाचरापेक्षा बरंच ऊबदार होतं. वस्तीवरून तक्रार आली नाही.

३८ पैकी १७ जण वेळेत पोहोचू शकले नाहीत. त्यांच्यासाठी सव्वासातला गोठ्यात माइकशिवाय पन्नास मिनिटांची बैठक झाली. तरुण गायकाने बिहाग मांडला आणि भैरवीने शेवट केला. सतराही जणांना निम्मे पैसे परत केले. तिघे तरीही नाराज गेले आणि त्यांची नाराजी रास्त होती. त्यांनी दरबारीसाठी तिकीट काढलं होतं.

पुन्हा करायचं तर

जागेची पाहणी तीनदा झाली होती आणि तिन्ही वेळा दुपारी. एक रात्र तिथे नऊ ते अकरा बसणं एवढीच पाहणी पुरली असती. करायची पद्धत सोपी आहे. दोन स्टीलची ताटं घ्या. एक मंचाच्या नियोजित जागी उघड्यावर पालथं ठेवा, दुसरं छताखाली. तासाभराने बोट फिरवा. उघड्या ताटावर बोटाची रेघ उमटली आणि छताखालचं कोरडं असलं तर छत पुरेल. दोन्ही ओली असतील तर ऊब लागेल किंवा वेळ बदलावी लागेल. सोबत एक तबला लावून ठेवला तर किती वेळात किती उतरतो ते कळतं, आणि त्यावरून दोन लावण्यांमधलं अंतर ठरवता येतं. महोत्सवाच्याच महिन्यात, निरभ्र रात्री हे करावं. मेमध्ये केलेल्या पाहणीचा डिसेंबरला उपयोग नाही.

मंच खाली आणि श्रोते वर, ही मांडणी उन्हाळ्यात ठीक, हिवाळ्यात नको. मंच वरच्या अंगाला, गोठ्याच्या भिंतीला पाठ लावून, आणि श्रोते त्याच्या समोर सपाटीवर. दिसण्यासाठी मंच अडीच फूट उंच करता येतो. पाठीमागचं पाणी जातं, पण भिंत दिवसभराची ऊब रात्री परत देते आणि पाठीमागे जाणाऱ्या खर्जाला थोडा अडसरही करते. तंबूही वरच्या दोन खाचरांत, झाडांच्या आसपास. झाडाखाली लावण्याआधी मात्र आग्यामोहोळ आहे का ते दिवसा बघून घ्यावं, धूर आणि दिवे या दोन्हींनी ते उठतं.

जनरेटरची जागा या वेळी बरोबर होती, ती तशीच ठेवावी. ध्वनिरोधक आवरणाच्या जनरेटरला एक मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा असते. अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल कमी होतात, म्हणजे ३२ मीटरवर ४५ च्या आसपास. आलापातली शांतता सांभाळायला तेवढं अंतर तरी हवंच, आणि मध्ये एखादी भिंत असली तर फारच उत्तम.

कलाकारांशी बोलताना रागाच्या दोन याद्या घ्याव्यात, एक ठरलेल्या वेळेची आणि एक तीन तास आधीची. या वेळी बाई उदार होत्या म्हणून निभावलं. प्रत्येक कलाकाराने तसं करावं अशी अपेक्षा धरून चालत नाही. वेळ बदलल्यास पैसे परतीचा नियम तिकिटावरच छापावा.

रात्रीच्या रागांचं काय, हा प्रश्न उरतो आणि तो आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. मालकंस, दरबारी, बागेश्री यांना अशा महोत्सवात जागाच राहिली नाही तर निम्मं संगीत बाहेर राहतं. नियमाच्या आत राहून एक मार्ग दिसतो. शनिवारी जेवणं आटपून साडेदहाला गोठ्यात, दारं-खिडक्या बंद करून, माइकशिवाय एकच मोठी बैठक. जागा १२०, चिठ्ठ्या टाकून. हवा खेळती राहण्यासाठी कौलांखालचे झरोके मोकळे ठेवावे लागतील, आणि त्यातून बाहेर किती आवाज जातो हे आधी एका रात्री पलीकडच्या वस्तीवर माणूस उभा करून तपासावं लागेल. पोलीस ठाण्याला दिलेल्या अर्जात या बैठकीचा स्वतंत्र उल्लेख करायचा, आणि लेखी उत्तर हातात आल्याशिवाय तिची तिकिटं काढायची नाहीत.